बाईची सही, बुवाचा कारभार

(जत्रेनिमित्त जमलेल्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



मागे भिंतीशी बसलेल्या बायांनी पुढे सरकावे, ही आमची पहिली विनंती. पुढची सतरंजी पुढाऱ्यांसाठी राखलेली असते खरी. पण आज येथे पुढारी कोणी आलेले नाहीत. आमचे बोलणे त्यांच्याविषयीच असल्यामुळे ते आले नाहीत हे एका परीने बरेच झाले.

निवडणूक जवळ आली की पुढाऱ्यांच्या दारी तिकिटासाठी रांग लागते. त्या रांगेत बाई उभी राहिली तर तिला पहिला सवाल होतो, "मालक काय म्हणतात?" पुरुषास मात्र कोणी विचारीत नाही की घरची मालकीण काय म्हणते. तिने दहा वर्षे पक्षाचे काम केलेले असो, मोर्च्यात काठ्या खाल्लेल्या असोत, तिला उत्तर ठरलेले, "बाई, तुमच्यात निवडून येण्याची ताकद नाही." पुढे तीच जागा बायांसाठी राखीव निघाली, म्हणजे ह्याच पुढाऱ्यास एका रात्रीत ताकदवान बाई सापडते. ती कोण? त्याची बायको, नाहीतर सून, नाहीतर भावजय! काम करणारी बाई पुन्हा सतरंज्या उचलावयास मोकळी. त्या सुनेसही आम्ही दोष देत नाही. तिला खुंटीसारखी ठोकतात, आणि त्या खुंटीवर पागोटे टांगतात ते आपले.

ही आमची कल्पना नव्हे. २०२४ साली महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी चार हजारांहून अधिक उमेदवार उभे राहिले, त्यांत बाया चारशेही नव्हत्या. २८८ जागांवर निवडून आल्या अवघ्या २१. २०१९ साली २४ होत्या. पेरणी, खुरपणी, मळणी या कामांत अर्ध्याहून अधिक हात बायांचे; आणि कारभाराच्या वाटणीत शंभरात सात!

आता उमेदवारी मिळाली तरी तोंडे गप्प बसतात काय? मे २०२२ मध्ये ओबीसींच्या राजकीय आरक्षणावर वाद चालला असता, भाजपचे त्या वेळचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी खासदार सुप्रिया सुळे यांस घरी जाऊन स्वयंपाक करण्यास सांगितले. २०२४ च्या निवडणुकीत मुंबादेवीच्या उमेदवार शायना एन. सी. यांस ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांनी 'माल' हा शब्द लावला. दोघांनीही मागून दिलगिरी दाखविली. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पण जीभ एकाच साच्यातली. आमचे म्हणणे असे की, आरक्षणाच्या वादात उत्तर सुचले नाही म्हणजे पुरुषास पुरुष "पुन्हा अभ्यास करून या" म्हणतो; बाईस मात्र चूल दाखवितो.

तुम्ही म्हणाल, कायदा झाला आहे. झाला खरा. लोकसभा व विधानसभांत बायांस एकतृतीयांश जागा देणारे विधेयक पहिल्यांदा १९९६ साली आले, आणि मंजूर झाले २०२३ साली. त्यातही जनगणना व मतदारसंघांची फेरआखणी होईपर्यंत अंमल नाही अशी गाठ मारून ठेवली. म्हणून २०२४ च्या निवडणुका त्यावाचूनच झाल्या. मधल्या सत्तावीस वर्षांत कित्येक पुढारी ओरडत होते की, यात मागासवर्गीय बायांचा वेगळा वाटा नाही. मागणी रास्त होती. पण कायदा नसताना आपल्या पक्षाच्या तिकिटावर कुणबी, माळी, तेली, कुंभार यांच्या लेकी उभ्या करण्यास त्यांचे हात कोणी बांधले होते?

खालच्या पायरीवर, म्हणजे पंचायतीत, २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायांच्या. तेथे काय चालते ते विचखेड्याच्या प्रकरणावरून पाहा. जळगाव जिल्ह्यातील हे गाव. तेथील सरपंचबाई सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात अशी तक्रार झाली. आपण नवरा व मुलांसह भाड्याच्या घरात वेगळ्या राहतो असे त्यांचे म्हणणे होते. कलेक्टरांनी त्यांस अपात्र ठरविले, कमिशनरांनी तेच कायम केले, हायकोर्टानेही दाद दिली नाही. शेवटी २०२४ साली सुप्रीम कोर्टाने त्यांचे पद परत दिले, आणि बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांस पचले नव्हते असे स्पष्ट म्हटले. गावच्या एका खुर्चीसाठी बाईने दिल्लीपर्यंत जावे! ज्यांच्याजवळ तेवढा पैसा व धीर नाही त्यांच्या खुर्च्यांचे काय होते, हे तुमच्या गावच्या चावडीवर विचारा.

"यांस अक्कल नाही, यांस कारभार झेपणार नाही," हे शब्द आपल्या बापजाद्यांनी कोणाकडून ऐकले होते, हे आठवते ना? तेच शब्द आज आपण आपल्या बायकांस ऐकवितो. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली तेव्हा आपल्याच सत्यशोधक मंडळींतील काही पुरुषांनी नाके मुरडली. जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार' काढून ताराबाईंची बाजू घेतली, आणि आपल्याच माणसांस सुनावले. तेवढी छाती आज कोणत्या पुढाऱ्याची आहे?

पुढाऱ्यांस बोल लावताना आमच्या घरचेही सांगितले पाहिजे. आमची भावजय सरपंच झाली. गुलाल भावाच्या अंगावर, हार भावाच्या गळ्यात. शिक्का भावाच्या खिशात, आणि लोक त्यालाच सरपंच म्हणत. आम्हीही म्हणत होतो. पाचसहा महिन्यांनी ती आम्हांस म्हणाली, "भावजी, मी कशावर सही करते ते मला कोणी वाचून दाखवील काय?" ती सातवी शिकलेली; वाचता तिला येत होते. कागद तिच्या हाती कोणी राहू देत नव्हते. त्या दिवशी आम्हांस मान खाली घालावी लागली. शिक्का घरात भांडण होऊन तिच्याकडे आला. पहिल्याच सभेत तिने नळाच्या पाइपांचे बिल परत पाठविले, कारण पाइप कमी आले होते, आणि ते तिने स्वतः मोजले होते. भाऊ चार दिवस जेवताना बोलला नाही.

येत्या निवडणुकीत मते मागावयास जो कोणी तुमच्या दारी येईल, त्यास एवढेच विचारा की, राखीव नसलेल्या जागांवर तुमच्या पक्षाने किती बाया उभ्या केल्या आणि त्यांतल्या किती तुमच्या नात्याबाहेरच्या? आणि हा सवाल घरातल्या पुरुषाने नव्हे, बाईने विचारावा.