वर्गातली सीआयडी



मघाशी दारातच कुणीतरी ओरडलं, "ए, सीआयडी आली रे!" इतक्या वर्षांनी ते ऐकून हसूच आलं. वडिलांची बदली झाली म्हणून मी आठवीत लातूरहून नांदेडला आले आणि महिनाभरात हे नाव पडलं. वर्गातली प्रत्येक बातमी सरांपर्यंत पोचवायची मला भारी हौस होती ना!

माझ्या मुलाला वाटतं, हे नाव टीव्हीवरून आलं. पण 'सीआयडी' मालिका सुरू झाली १९९८ साली आणि आपली दहावी १९९६ ची. देव आनंदचा 'सी.आय.डी.' तर १९५६ चा. मूळ नाव त्याहून जुनं, इंग्रजांच्या पोलीस खात्यातलं. १९०२-०३ च्या पोलीस आयोगानंतर प्रांतोप्रांती गुन्हे तपासाचं हे खातं उभं राहिलं. पुढं लोकांनी साध्या वेशातल्या, कान देऊन बसलेल्या कुणालाही सीआयडी करून टाकलं.

आपल्याकडं अशा माणसाला शब्दांची कमी नव्हतीच. अरबी 'खबर'वरून खबऱ्या. 'जासूस'वरून पेशवाईतला जासूद. तो बातमी काढायचा आणि पत्रंही पोचवायचा. हेर मात्र 'हेरणे'मधला, म्हणजे नीट निरखून पाहणारा. बहिर्जी नाईक हेर होते, चुगलखोर नव्हते. हा फरक मला उशिरा कळला.

नववीत एक मैत्रीण मधल्या सुट्टीनंतर रोज उशिरा यायची. मी सरांना सांगितलं. तिला वर्गाबाहेर उभं राहावं लागलं. नंतर कळलं, तिची आई आजारी होती. सुट्टीत ती घरी जाऊन धाकट्या भावाला जेवू घालायची आणि पळत परत यायची. मी बातमी दिली होती. हेरलं काहीच नव्हतं.

आज सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधणं हेच माझं काम. प्रोग्राम कुठं अडकला ते पडद्यावर लगेच दिसतं. का अडकला ते शोधायला कधी दोन दोन दिवस जातात. नव्या मुलांना मी सांगते, "कुठं"वर थांबू नका, "का" विचारा. हे मला त्या मैत्रिणीमुळं समजलं.

ती आज इथं बसली आहे. तेव्हा माफी मागायची राहून गेली, ती आज सगळ्यांसमोर मागते. नाव मात्र सांगत नाही. सीआयडीनं एक तरी गोष्ट पोटात ठेवावी!