गजांआडचा वाल्मीकी



'वाल्याचा वाल्मीकी झाला' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु खराखुरा वाल्या उद्या आपल्या वस्तीत आला, तर आपण त्याला खोली भाड्याने देऊ काय? आज मला नृत्याविषयी बोलावयाचे आहे. पण सुरुवात या अवघड प्रश्नाने करतो.

कोलकात्याचा प्रेसिडेन्सी तुरुंग. १९४० साली सुभाषबाबूंनी उपोषण आरंभले ते याच तुरुंगात. २००७ च्या महिलादिनी नृत्यांगना अलोकानंदा रॉय तेथे कार्यक्रमासाठी गेल्या होत्या. त्यांचे लक्ष वेधले ते तेथील तरुण पुरुष कैद्यांनी. यांनाही आपण नृत्य शिकवावे, असे त्यांच्या मनाने घेतले. पुरुषांनी नाचावयाचे, ही कल्पना कैद्यांच्या पचनी सहज पडणारी नव्हती. म्हणून आरंभ झाला तो युद्धकलेच्या जोमदार हालचालींनी.

तालाला फसविता येत नाही. समेवर पाऊल पडते किंवा चुकते; सबब चालत नाही. समूहनृत्यात एकाचे पाऊल चुकले की शेजाऱ्याचेही बिघडते. केवळ स्वतःपुरते जगलेल्या माणसाला दुसऱ्याच्या श्वासाकडे लक्ष द्यावे लागते. आणि नर्तकाला मान खाली घालून उभे राहताच येत नाही!

पुढे बाईंनी रवींद्रनाथांची 'वाल्मीकिप्रतिभा' निवडली. १८८१ साली ती प्रथम रंगमंचावर आली, तेव्हा एकोणीस वर्षांच्या रवींद्रनाथांनी स्वतःच वाल्मीकी उभा केला होता. कालीपुढे बळी देण्यासाठी दरोडेखोर एका बालिकेला पकडून आणतात. तिच्या आर्त स्वराने त्यांचा नायक विरघळतो आणि तिला सोडतो. तुरुंगातील प्रयोगात हा नायक साकारला निगेल अक्कारा या कैद्याने. ज्याच्या नावावर गुन्हे आहेत, त्याने प्रत्येक प्रयोगात त्या मुलीला मुक्त करावयाचे! हे प्रयोग तुरुंगाच्या भिंतींबाहेरही झाले.

यामुळे अपराध पुसला जात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्याला या नृत्याचे कौतुक का वाटावे? त्याच्या दुःखाला माझ्यापाशी उत्तर नाही.

२००९ मध्ये निगेल सुटले. रंगमंचावर टाळ्या मिळाल्या होत्या, नोकरी मात्र मिळेना. अखेर त्यांनी स्वतःच साफसफाईच्या सेवा पुरविणारा व्यवसाय उभारला आणि त्यात सुटून आलेल्या कैद्यांना काम दिले. २०१२ च्या 'मुक्तधारा' या बंगाली चित्रपटात तेच नायक होते.

आपल्याला हे अगदीच नवे नाही. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या मुक्त वसाहतीच्या प्रयोगावरूनच व्ही. शांतारामांना १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' सुचला. तो पाहताना आपले डोळे पाणावले होते.

येथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे दुकान आहे, कारखाना आहे. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी कृपया पाच मिनिटे थांबावे. मला त्यांच्याशी बोलावयाचे आहे.