एका नावामागचा माणूस
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधावयास आम्हांला दूर जावे लागले नाही. गेल्या गणेशोत्सवात आपल्याच मुलामुलींनी बसविलेला गीतांचा कार्यक्रम आपण सर्वांनी ऐकला. गायकांना टाळ्या मिळाल्या, श्रीफळे मिळाली. आभारप्रदर्शन आटोपून मंडळी प्रसादाकडे वळली, तेव्हा व्हायोलिन वाजविणारा मुलगा मंचाच्या कोपऱ्यात आपले वाद्य पेटीत ठेवीत होता. त्याचे नाव घ्यावयाचे राहून गेले होते. आभार मानण्याचे काम आमच्याकडे होते. तेव्हा चूक आमची. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते अँथनी गोन्साल्विस त्या मुलाच्याच जातकुळीचे.

हे नाव ऐकताच सभागृहात हसू उमटले, ते साहजिकच आहे. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यामुळे ते नाव चंडीगडच्या लग्नातील बँडवाल्यांनाही पाठ आहे. पुष्कळ वर्षे आमचीही समजूत अशीच होती, की ते एका पडद्यावरील पात्राचे नाव. त्या नावाचा एक खराखुरा, अभ्यासू आणि मितभाषी माणूस होऊन गेला, हे आम्हांला फार उशिरा कळले.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा या गावी झाला. वडील तेथील चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी प्रथा होती. पोटासाठी गाव सोडावे लागे तेव्हा ही विद्याच शिदोरी म्हणून बरोबर येई. तीच शिदोरी घेऊन हा मुलगा वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईस आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला.

त्या काळी चित्रपटगीत कसे तयार होई, ते थोडे सांगितले पाहिजे. संगीतकार पेटीवर चाल सांगे. पण व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट, क्लॅरिनेट अशी कितीतरी वाद्ये एकत्र वाजावयाची, तर प्रत्येकाने केव्हा काय वाजवावे आणि केव्हा थांबावे, हे कागदावर उतरवावे लागे. हे काम संयोजकाचे. ध्वनिमुद्रण सर्वांचे एकदम होई. शेवटच्या ओळीतला एखादा वादक चुकला, तरी सारे गाणे पुन्हा पहिल्यापासून! एवढी जोखीम ज्यांच्या हाती, त्यांची नावे बहुधा ना तबकडीवर येत ना श्रेयनामावलीत. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातील गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरील पात्राचे. जेथे लता मंगेशकरांचीच ही अवस्था, तेथे वादकाची चौकशी कोण करणार?

या इतिहासाशी आपल्या या शहराचेही एक नाते आहे. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात सेबॅस्टियन डिसूझा हे गोमंतकीय गृहस्थ वाद्यवृंद चालवीत असत. १९४७ साली त्यांना ते शहर सोडावे लागले. मुंबईस येऊन ते ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे संयोजक झाले. नय्यरही मूळ लाहोरचेच. ज्या लाहोरच्या जाण्यामुळे पंजाबला नवी राजधानी उभारावी लागली, आणि त्या राजधानीत आपल्यासारख्यांनी येऊन संसार मांडले, त्याच घटनेने एका गोव्याच्या माणसालाही उठवून मुंबईस आणले. पंजाबी चाल, गोमंतकीय व्हायोलिने आणि मराठी गळा असा त्रिवेणी संगम त्या काळच्या कित्येक गीतांत आहे. तो कानांना सदैव जाणवला. नावानिशी मात्र आम्ही तो कधी मोजला नाही.

गोन्साल्विस यांची महत्त्वाकांक्षा मात्र संयोजनापाशी थांबणारी नव्हती. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा खरा मेळ घालावा, हा त्यांचा ध्यास होता. दिवसभर स्टुडिओतील काम करावे आणि उरलेल्या वेळी स्वतःच्या रचना लिहाव्या, असा त्यांचा क्रम होता. ‘सोनाटिना इंडियाना’ ही त्यांची एक रचना. राग सारंगातील कॉन्चेर्टो ही दुसरी.

हे काम किती अवघड, याची कल्पना सारंगावरूनच यावी. आपला राग एका गळ्याने, एका वेळी एका स्वराने चालतो. पाश्चात्य संगीतातील हार्मनी म्हणजे अनेक स्वर एकाच वेळी लावून साधलेला मेळ. तेथील अगदी नेहमीचा मेळ म्हणजे षड्ज, गंधार आणि पंचम एकदम. परंतु सारंगाच्या रूढ रूपात गंधार आणि धैवत वर्ज्य! म्हणजे हाताला सवयीचा मेळ वाजविला, की राग तेथेच मोडला. मीड आणि आंदोलन कागदावर कसे लिहावे, आणि ते वीस व्हायोलिनांनी एकसारखे कसे घ्यावे, हा आणखी निराळा प्रश्न. पाहुण्याला घरात घ्यावयाचे, पण देवघराची शिस्त मोडू द्यावयाची नाही, असे हे गृहकृत्य होते. घरात मराठी आणि अंगणात पंजाबी बोलणाऱ्या आपल्या कुटुंबांना ते वेगळे समजावून सांगावयास नको.

१९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम झाला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. एरवी चित्रपटांच्या तालमींत पाठीमागे बसणारे वादक त्या दिवशी समोर होते, आणि त्यांच्यापुढे प्रेक्षकांकडे पाठ करून गोन्साल्विस उभे होते. त्या वेळी त्यांचे माजोर्डा गाव पोर्तुगीज अमलाखाली होते. गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. ज्याचे गाव अद्याप भारतात आलेले नव्हते, त्याने आपल्या वाद्यवृंदाच्या नावात ‘इंडियन’ हा शब्द लिहिला, हे आम्हांला फार बोलके वाटते.

तो वाद्यवृंद पुढे कायमचा उभा राहिला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून तिकडे गेले आणि मुंबईच्या चित्रपटसृष्टीपासून कायमचे दुरावले. कालांतराने स्वदेशी परतल्यावर ते माजोर्ड्यात शांतपणे राहिले. जानेवारी २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हाताखाली व्हायोलिन शिकलेला एक मुलगा मात्र त्यांना विसरला नव्हता. तो म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल. ‘अमर अकबर अँथनी’चे संगीत या जोडीचे. त्यातील गाण्यात गोन्साल्विस हे नाव गुरूला वंदन म्हणून आले. गुरुदक्षिणेचा हा प्रकार मोठा विलक्षण! नाव घरोघरी गेले, आणि नावाचा धनी आपल्या गावी अनोळखीच राहिला. चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, ही मराठी माणसाच्या हातून झालेली थोडी परतफेड होय.

मित्रहो, पन्नास वर्षांत या मंडळाने पुष्कळ कार्यक्रम केले. अध्यक्षांची नावे फलकावर आहेत. तशी ती असावीतही. परंतु थंडीच्या रात्री सतरंज्या कोणी घातल्या, शेकडो मोदक कोणाच्या हातून वळले गेले, नाटकाच्या तालमींना पेटी कोणी वाजविली, त्यांची नावे आज काही वडीलधाऱ्यांच्या स्मरणातच आहेत, आणि ते वडीलधारे एकेक करून आपल्यातून जात आहेत. म्हणून संपादक मंडळास आमची विनंती आहे : या स्मरणिकेची काही पाने त्या नावांसाठी राखून ठेवावीत, आणि ज्यांना जे आठवेल ते त्यांनी आजच लिहून द्यावे.

पहिले नाव आम्हीच लिहून दिले आहे. ते त्या व्हायोलिनवाल्या मुलाचे.