हिरवळीवांचून अंगण

नव्या बंगल्याचे नकाशे पुरे होऊन पुढच्या मोकळ्या जागेचा विचार निघाला, कीं बहुतेक घरांतून एकच शब्द प्रथम उच्चारला जातो, आणि तो म्हणजे ‘लॉन’. जिना कोठें असावा यावर घरांत आठ दिवस वाद चालतो. हिरवळ असावी कीं नसावी यावर मात्र कोणी वाद घालीत नाहीं. ती असावयाचीच, असें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें. पुढें दोन उन्हाळे उलटतात, विहिरीचें पाणी तळाला जातें, नळाला एक दिवसाआड पाणी येऊं लागतें, आणि मग तीच हिरवळ घरांतील कलहाचें कारण होऊन बसते.

ही हिरवळ आली कोठून? इंग्लंडांतील जमीनदारांच्या वाड्यांभोवतालचीं कुरणें हें तिचें मूळ. तेथें गवत आंखूड राखण्याचें काम मेंढ्या करीत, नाहींतर विळे घेतलेले मजूर करीत. १८३० सालीं ग्लॉस्टरशायर परगण्यांतील एडविन बडिंग या कारागिरानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. गिरणींत लोकरी कापडावरची लव कातरणारें यंत्र पाहून त्याला ही युक्ति सुचली होती. त्यानंतर हिरवळ हळूहळू मध्यम स्थितींतील घरांपुढेंहि दिसूं लागली, आणि साहेबाच्या बंगल्याबरोबर व जिमखान्याबरोबर ती हिंदुस्थानांत आली. तिचें प्रस्थ केवढें माजलें याची साक्ष ताजमहालाच्या बागेंत मिळते. मोगलांची ती बाग मुळांत फळझाडांची, फुलांची व पाटांची होती. आज तेथें दिसणारी मोकळी हिरवळ ही विसाव्या शतकाच्या आरंभीं लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत झालेल्या फेरमांडणीचें फळ आहे.

इंग्लंडांत हिरवळ शोभते याचें कारण तेथील पावसांत आहे. वर्षाच्या बेरजा पाहिल्या तर मात्र कोणासहि आश्चर्य वाटेल. लंडनला वर्षाकांठीं सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पुण्यास ७०० मिलिमीटरांहून थोडा अधिकच. परंतु लंडनचा पाऊस बारा महिन्यांत जवळजवळ सारखा वांटलेला असतो, आणि पुण्याचा बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. डिसेंबरपासून मार्चपर्यंत गवताच्या मुळांना आकाशांतून जवळजवळ कांहींच मिळत नाहीं, आणि त्यानंतर कडक उन्हाळा असतो.

आतां थोडा हिशेब करावा. एक हजार चौरस फुटांचें अंगण म्हणजे सुमारें ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यांत हिरवळ हिरवी ठेवावयाची तर रोज निदान पांच मिलिमीटर पाणी द्यावें लागतें. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरास एक लिटर. या हिशेबानें रोजचे ४६५ लिटर झाले. शहरांतील पाणीपुरवठ्याच्या योजना आंखतांना माणशीं दररोज १३५ लिटर धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे अंगणांतील हिरवळ साडेतीन माणसांचें पाणी पिते. मार्च, एप्रिल व मे हे तीन महिने मिळून ही रक्कम बेचाळीस हजार लिटरांवर जाते. दहा हजार लिटरांचे चार टँकर दारांत उभे राहिले तरी ती पुरी भागत नाहीं. अमेरिकेंत नेवाडा राज्यानें २०२१ सालीं एक कायदा करून दक्षिण भागांतील नुसत्या शोभेच्या हिरवळीस २०२७ च्या आरंभापासून कोलोरॅडो नदीचें पाणी देण्यास बंदी केली. स्वतंत्र घरांचीं अंगणें त्यांतून वगळलीं आहेत हें खरें. तथापि श्रीमंत देशासहि हा हिशेब मांडावा लागला, एवढें त्यावरून दिसतें.

हा हिशेब पटलेले गृहस्थ पुष्कळदां दुसऱ्या टोंकास जातात. हिरवळ उपटतात आणि कुंपणापर्यंत फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसवून मोकळे होतात. हा उपाय रोगापेक्षां वाईट आहे. त्याच हजार चौरस फुटांवर पावसाळ्यांत सुमारें पासष्ट हजार लिटर पाणी पडतें. जमीन उघडी असेल तर त्यांतील कांहीं भाग मातींत व खालच्या मुरमांत जिरतो आणि आसपासच्या विहिरींना लागतो. फरशी घातली कीं सगळें पाणी गटाराला. शिवाय दिवसभर तापलेली ती फरशी रात्रीं उशिरापर्यंत घराकडे ऊष्मा फेंकीत राहते, आणि मग खोल्या थंड करण्याच्या यंत्रावर पैसे खर्च होतात.

आपल्याकडे यांहून निराळा मार्ग जुनाच आहे. कोंकणांत पाऊस उघडला कीं घरापुढचें खळें उकरून, पाणी मारून चोपण्यानें चोपतात, त्यावर शेणाचें सारवण घालतात, आणि तेथेंच बसणेंउठणें, वाळवण, लग्नकार्य सगळें होतें. मधोमध किंवा एका बाजूस तुळशीवृंदावन. कडेला अबोली, मोगरा, जास्वंद. परसांत सांडपाण्याच्या वाटेवर केळी व अळू. अंगणाचा वावरण्याचा भाग झाडून स्वच्छ व मोकळा ठेवावयाचा आणि हिरवें सगळें कडेला व डोक्यावर, अशी ही व्यवस्था आहे. ती नुसत्या संवयीनें पडलेली नाहीं. झाडलेल्या मातीवर विंचू-साप चटकन दिसतो, ही एकच गोष्ट ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें पुरेशी आहे. शहरांतील बंगल्यास हीच व्यवस्था थोड्या फेरफारानें लागू पडते.

पहिली गोष्ट म्हणजे घाई न करणें. चार दिवस घरांतील माणसें कोठून कोठें जातात, संध्याकाळीं खुर्च्या कोठें टाकतात, मुलें कोठें खेळतात, हें नुसतें पाहावें. पायवाट तेथेंच पडलेली असते; ती कागदावर नागमोडी काढण्यांत अर्थ नाहीं, कारण दूधवाला सरळच चालणार. या वाटेवर व बसण्याच्या जागेवर मुरूम घालावा. चार इंच मुरूम दोन थरांत पसरून, पाणी मारून धुम्मसानें ठोकला, आणि घराकडून बाहेर दर दहा फुटांस दोन इंच उतार ठेवला, तर पावसाळ्यांत चिखल होत नाहीं. घरांतील स्त्रियांचा या बाबतींतील मुख्य आक्षेप चिखलाचाच असतो, आणि तो रास्त आहे. फरशी पुसावयाची त्यांना असते. म्हणून दारापासून फाटकापर्यंत शहाबादी किंवा साध्या घडीव दगडाच्या लाद्या टाकाव्या, मात्र दोन लाद्यांमध्यें दोन बोटांची फट ठेवून तींत सिमेंटऐवजीं वाळू भरावी.

दुसरी गोष्ट सांवलीची. अंगणाच्या पश्चिमेस एक झाड असलें कीं दुपारनंतरचें ऊन अडतें आणि खालची माती निम्म्या पाण्यांत भागते. लहान अंगणास वड, पिंपळ पेलत नाहींत, हें सांगावयास नकोच. गुलमोहोर दिसतो सुंदर, पण त्याच्या फांद्या वळवाच्या वादळांत मोडतात. बकुळ सावकाश वाढते, परंतु बारमाही सांवली देते. ज्यांना धीर आहे त्यांनीं तीच लावावी. धीर नसणाऱ्यांस पारिजातक आहे. पारिजातकाखालीं तर गवत मुळींच असूं नये. पहाटे पडलेलीं फुलें गवतांत रुततात व कुजतात. तींच सारवलेल्या जमिनीवर पडलीं तर परडी घेऊन बसलेल्या आजीला एकेक उचलतां येतें.

कडेच्या झाडांची मांडणी रंगावरून न करतां तहानेवरून करावी. कर्दळ, केळ, ब्राह्मी यांना ओल लागते. त्यांची जागा नळाजवळ किंवा मोरीच्या पाण्यापाशीं. साबणाचें पाणी मात्र खाण्याच्या अळवाला देऊं नये. मोगरा, तगर, जास्वंद, अबोली यांचा दुसरा वाफा. आणि फाटकाजवळ, जेथें झारी पोंचण्याचा कंटाळा येतो, तेथें कोरांटी, सदाफुली, कोरफड, बोगनवेल. कण्हेरहि तेथें सुखानें वाढते, पण ती विषारी आहे. घरांत रांगतें मूल असेल तर तिचा मोह टाळावा. उन्हांत जमीन झांकण्यास चिनी गुलाब पुरेसा आहे. नव्या रोपाशेजारीं एक मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलें, तर पाझरणारें पाणी थेट मुळांना मिळतें.

लावणीचा मुहूर्त मृगाचा. मे महिन्यांत खणणें, मुरूम, लाद्या उरकाव्या आणि पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर रोपें लावावीं. पहिले दोन उन्हाळे पाणी नेमानें द्यावेंच लागतें. या मार्गांत कांहींच श्रम नाहींत असें सांगणारा माळी खोटें बोलतो. तिसऱ्या वर्षापासून कोरड्या वाफ्यास आठदहा दिवसांनीं एकदां पाणी पुरतें. झाडांच्या बुडाशीं वाळलेल्या पानांचा तीन इंच थर पसरावा. हा पालापाचोळा जाळण्याची आपल्याकडे फार हौस आहे, आणि त्या धुरानें शेजारच्या दमेकऱ्यांचे हाल होतात. पाला वाफ्याच्या कडेच्या विटांच्या आंत राहिला म्हणजे अंगण अस्ताव्यस्त दिसत नाहीं. भिंतीलगतची दोन हातांची पट्टी मात्र नेहमीं उघडी व झाडलेली असावी.

पावसाळ्यांत तण येणारच. टाकळा कोवळा असतांना भाजीला न्यावा, आघाडा गणपतीच्या पत्रीसाठीं एखाददुसरा राखावा. गाजरगवत मात्र फुलावर येण्यापूर्वीं हातमोजे घालून मुळासकट उपटावें. त्याच्या स्पर्शानें कांहींच्या अंगावर चट्टे उठतात.

इतकें करूनहि ज्यांच्या मनांतून गवत जात नाहीं, त्यांच्यासाठीं एक तडजोड आहे. अंगणाच्या एका कोपऱ्यांत खाटेएवढ्या जागेंत हरळी वाढूं द्यावी. उन्हाळ्यांत तिला पाणी देऊं नये. ती पिवळी पडेल, वाळेल, मेल्यासारखी दिसेल. जूनच्या पहिल्या सरीनंतर तिला फूट येते, आणि भाद्रपदांत एकवीस दूर्वांची जुडी बांधण्यासाठीं मुलांना शेजारच्या कुंपणावरून उडी मारावी लागत नाहीं.