एकटी, जनरलचा डबा आणि विजापूर

गेल्या भागानंतर एक प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला, की एकटीनं फिरायची सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर आहे, जवळून. मनाली, गोकर्ण नंतर. आधी असं गाव, जिथे सकाळी ट्रेननं जाता येतं आणि रात्री जेवायला घरी परत येता येतं. मी सोलापूरची, त्यामुळे माझ्यासाठी ते गाव विजापूर. २०१४ पासून त्याचं नाव विजयपुरा आहे, स्टेशनच्या पाटीवरही तेच. पण आमच्याकडे अजून सगळे विजापूरच म्हणतात, तर मीही तेच म्हणणार.

घरी सांगितल्यावर दोन प्रतिक्रिया आल्या. आई म्हणाली, "एकटी कशाला?" आणि आजी म्हणाली, "तिथं काय बघायचंय? अफजलखानाचं गाव ते." आईच्या प्रश्नाला उत्तर सोपं होतं, दर दोन तासांनी फोन. आजीचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. कारण खरं सांगू का, शंभरेक किलोमीटरवरच्या या शहराबद्दल मलाही तेवढंच माहीत होतं. चौथीच्या पुस्तकातला दरबार, विडा उचलणारा खान, पुढे प्रतापगड. संपलं विजापूर.

डिसेंबरचा महिना, सकाळची गाडी, जनरलचं तिकीट. होटगी सोडलं की गाडी दक्षिणेला वळते. खिडकीतून असलं गार वारं येतं की स्कार्फ नाकावर. बाहेर ज्वारी उभी, मध्ये मध्ये ऊस. भीमा ओलांडली की डब्यातली भाषा हळूहळू बदलते. म्हणजे सोलापुरात कन्नड असतंच, पण इथे मराठी मागे जाते आणि कन्नड पुढे येतं. वाटेत निंबाळ नावाचं छोटं स्टेशन आहे. गुरुदेव रानडे, तत्त्वज्ञानाचे मोठे प्राध्यापक, अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू, त्यांचा आश्रम या निंबाळला. समोर बसलेल्या काकूंनी तिकडे बघून हात जोडले, मग मला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. एकटीनं प्रवास केला की असं खायला खूप मिळतं, हे कुणी सांगत नाही.

आणि मग तो दिसतो. स्टेशन यायच्या आधीच. गोलगुंबज स्टेशनपासून इतका जवळ आहे की मी चालतच गेले.

आता थोडं नीट सांगते. ही मोहम्मद आदिलशहाची कबर. याच्याच काळात, १६३६ पासून, शहाजीराजे आदिलशाहीच्या नोकरीत होते. आत एकच दालन, मध्ये एकही खांब नाही आणि वर घुमट, आतून सुमारे ३८ मीटर रुंद. एवढं ओझं उभं कशावर? भिंतींमधून निघणाऱ्या कमानी एकमेकींना छेदत वर जातात, चौकोनाचा हळूहळू गोल करतात आणि घुमट त्या गोलावर बसतो. खाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघत राहिले.

कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले चढून वरच्या सज्जात जायचं. जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच, पाठीवरची बॅग हलकी ठेवा. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला, घुमटाच्या पार पलीकडे, स्पष्ट ऐकू येतं. टाळी वाजवली तर तिचे पडसाद मोजत बसावे लागतात. गंमत अशी, की हा खेळ दोघांचा आहे. मी एकटी. सकाळची वेळ, गर्दी नाही. मी आपली भिंतीजवळ बसले आणि हळूच "हॅलो" म्हटलं. थोडा वेळ काही नाही. मग भिंतीतून एका म्हातारीचा आवाज आला, अगदी कानाशी: "यावूर?" म्हणजे कुठल्या गावची. मी म्हटलं, "सोलापूर." पलीकडे, लांब, एक हिरवी साडी दिसत होती. तिनं हात हलवला. आमचं पाच मिनिटं बोलणं झालं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी, सगळं भिंतीतून. मग शाळेची सहल आली, शिट्ट्या सुरू झाल्या, आमचं संभाषण बुडालं. तर सकाळी लवकर जा, एवढंच सांगते.

तिथून पुढे रिक्षा ठरवली. रिक्षावाले काका साठीचे, दख्खनी बोलणारे, मला "बेटा" म्हणणारे. रिक्षाच्या नंबरचा फोटो काढून आईला पाठवला, त्यांच्या समोरच. त्यांनी उलट, "हां, भेजो भेजो" म्हटलं. हे करायचंच, लाजायचं नाही.

बारा कमान झटकन बघून झाली. दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर, नुसत्या कमानी उभ्या. मुलुख मैदान तोफेजवळ मात्र मी रेंगाळले. ही तोफ १५४९ साली ओतली गेली ती अहमदनगरला. वजन सुमारे ५५ टन, तोंड सिंहाचं आणि त्या जबड्यात हत्ती. पुढे ती आमच्या जवळच्या परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये इकडे आणली. दुपारच्या उन्हातही हाताला गार लागते. मग इब्राहिम रोजा. मला विचाराल तर गोलगुंबजापेक्षा हीच वास्तू सुंदर. खिडक्यांच्या दगडी जाळ्या म्हणजे कोरलेली अक्षरं आहेत, प्रकाश अक्षरांमधून आत येतो. इथला दुसरा इब्राहिम आदिलशहा संगीतवेडा, त्यानं दख्खनीत गाण्यांचं पुस्तक लिहिलं, किताब-ए-नवरस, आणि त्यात सरस्वतीला वंदन केलं. त्याच्या आधीच्या, पहिल्या इब्राहिमानं महसुलाचे हिशेब फारसी सोडून इथल्या लोकांच्या भाषेत ठेवायला लावले होते. आजीला हे कधी सांगितलं असतं कुणी?

पण आजीचं अफजलखानाचं गावही इथेच होतं. मी काकांना म्हटलं, साठ कबर. ते वळून बघायला लागले. "वहाँ कौन भी नै जाते बेटा. गोलगुंबज देखते, चले जाते." मी म्हटलं, तुम्ही थांबणार असाल तर जाऊ. ते थांबले, नुसते थांबले नाहीत, सोबत आले.

शहराच्या पश्चिमेला, शेतांच्या आडोशाला एक दगडी चौथरा आहे. त्यावर कबरी, ओळीनं, एकाच बनावटीच्या, वरून सपाट. सपाट म्हणजे बाईची कबर, हे काकांनी सांगितलं. मी मोजायला लागले, साठाच्या पुढे गेले. सांगतात ते असं: १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून निघताना ज्योतिषानं खानाला सांगितलं की तू परत येणार नाहीस. तेव्हा त्यानं आपल्या सगळ्या बायका आधीच मारून टाकल्या, आपल्या मागे त्या दुसऱ्या कुणाच्या होऊ नयेत म्हणून. ही लोककथा आहे. कबरींवर एकही नाव नाही, शिलालेख नाही. पण इतक्या बायकांच्या कबरी, एकसारख्या, एकाच चौथऱ्यावर, हे तर डोळ्यांना दिसतं.

मला वाघनखं माहीत होती, शामियाना माहीत होता, खानाची उंचीसुद्धा. प्रतापगडाची गोष्ट मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये केलीय. त्या गोष्टीच्या अलीकडे, तो विजापुरातून निघायच्या आधी, या बायका आहेत, हे मला एकविसाव्या वर्षी, एका रिक्षावाल्या काकांच्या शेजारी उभं राहून कळलं. लोककथा खरी असेल तर त्या मोहिमेत पहिल्या मेल्या त्या याच. फोन काढला होता, फोटो काढावासा वाटला नाही. काका थोडे लांब जाऊन उभे राहिले, मला वेळ दिला. आजूबाजूला फक्त वारा आणि ज्वारीची सळसळ.

परतताना काकांनी मला खानावळीत सोडलं. भाकरी, भरलं वांगं, दही. चव आमच्याच घरची.

आता कामाच्या गोष्टी. गोलगुंबजाच्या समोरचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. परतीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी ॲपवर बघा आणि सकाळी पुन्हा बघा. साठ कबर करायची तर दुपारीच, अंधार पडायच्या आत, आणि रिक्षा थांबवून ठेवूनच. थंडीतच जा, मे महिन्यात तिथला दगड तव्यासारखा तापतो.

घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलं. कबरींचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "किती म्हणालीस?" मी म्हटलं, साठाच्या वर. पुढच्या वेळी तिला घेऊन जायचंय, फक्त गोलगुंबजाचे सात मजले कसे चढवायचे ते बघते आहे. कुणाला काही युक्ती सुचली तर व्हॉइस नोट पाठवा.