पाण्याची जबाबदारी तोटीपाशी संपत नाही



 या परिषदेच्या आजच्या कार्यक्रमपत्रिकेत पिण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी एक सत्र आहे आणि घरातील सुरक्षिततेसाठी दुसरे. पहिल्यात अभियंते बोलतील, दुसऱ्यात डॉक्टर आणि वीजतज्ज्ञ. ही विभागणी सोयीची आहे; पण छोट्या शहरापुरते बोलायचे तर हे दोन्ही प्रश्न एकाच मुळातून फुटतात, आणि ते मूळ म्हणजे खंडित पाणीपुरवठा. नळ ठरावीक वेळीच येतो, उन्हाळ्यात तर एक-दोन दिवसांआड येतो, म्हणून पाणी वाटेत बिघडते. तो तसा येतो म्हणूनच घरात मोटर येते, हौद येतो, ड्रम येतात आणि त्यांच्यामागून अपघात आणि डास येतात. नळ सोडून देण्यापाशी नगरपालिकेची जबाबदारी संपते, ही समजूत आपण बदलली पाहिजे. घरातल्या माठातले पाणी कसे आहे, यावरून सार्वजनिक पाणीपुरवठ्याची परीक्षा व्हावी, एवढेच मला आज मांडायचे आहे.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. उत्तरेच्या सीमेवर नर्मदा, मधून वाहणारी तापी, प्रकाशा आणि सारंगखेडा येथे तापीवर बांधलेले बॅरेज, आणि नंदुरबार शहराची तहान भागवणारा शिवण नदीवरचा विरचक प्रकल्प हे आपले पाण्याचे वैभव आहे. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहराची लोकसंख्या १,११,०३७ होती. शहादा, तळोदा, नवापूर ही शहरे त्याहून लहान आहेत. धरणात पाणी किती टक्के आहे हे या शहरांतला सामान्य माणूसही सांगू शकतो, कारण त्याची बातमी रोज येते. आपल्या गल्लीतल्या शेवटच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन किती आहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. साठ्याचा हिशेब ठेवायची आपल्याला सवय आहे, गुणवत्तेचा हिशेब ठेवायची नाही.

मोजायचे काय, याबद्दल संदिग्धता नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यात ई. कोलाय जिवाणू आढळता कामा नये. क्लोरीन वापरलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. यातला शिल्लक क्लोरीनचा निकष मला सर्वांत मोलाचा वाटतो. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी फिरवली, वाळूच्या थरातून पाणी गाळले, क्लोरीन मिसळून अर्धा तास थांबवले, की पाणी निर्जंतुक होते. पण पुढे जलकुंभ, मुख्य वाहिनी, उपवाहिनी आणि नळजोडणी असा त्याचा लांब प्रवास असतो. वाटेत कुठे घाण शिरली तर तिच्याशी झुंजायला शिल्लक क्लोरीन हाच एक पहारेकरी असतो. शेवटच्या नळाशी क्लोरीन सापडले नाही तर वाटेत काहीतरी बिघडले आहे, किंवा बिघडले तर सावरायला काही उरलेले नाही, एवढे नक्की समजावे.

बिघाड नेमका कसा होतो? वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असते तेव्हा गळतीतून पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. पुरवठा थांबला की वाहिनी रिकामी होते आणि त्याच फटीतून आजूबाजूची ओल आत ओढली जाते. सांडपाणी व पाण्याच्या वाहिन्यांमध्ये सुमारे तीन मीटर आडवे अंतर ठेवावे, असे केंद्र सरकारची पाणीपुरवठ्याची मार्गदर्शिका सांगते. आपल्या अरुंद गल्ल्यांत नळजोडण्या अनेकदा उघड्या गटारीतूनच जातात, आणि त्याच गटारीत शौचालयाच्या टाक्यांचे सांडपाणी येते. हा नुसता तर्क नाही. शेजारच्या कर्नाटकात हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांना चोवीस तास आणि बाकीच्यांना खंडित पाणी मिळत होते, तेव्हा संशोधकांनी दोन्हींची तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अखंड पुरवठ्याच्या नळांवरील ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय सापडले, तर खंडित पुरवठ्याच्या नळांवर हे प्रमाण ३१.७ टक्के होते. शहर एकच असताना फरक पडला तो पुरवठ्याच्या पद्धतीने.

आपल्या राज्याने याची किंमत मोजली आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून कावीळ पसरली आणि माणसे दगावली. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची साथ होती. गरोदर बाईला हा विषाणू विशेष घातक ठरतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदोशी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही तपासाचा रोख दूषित पाणी आणि अपुऱ्या क्लोरीनकडे वळला. पुण्याजवळ प्रयोगशाळा आहेत, मोठी रुग्णालये आहेत, अतिदक्षता विभाग आहेत. अशी साथ आपल्याकडे आली तर सातपुड्यातल्या धडगाव किंवा मोलगीच्या रुग्णाला अशा सोयींपर्यंत पोचायला किती वेळ लागेल, याचा विचार इथल्या प्रत्येक अधिकाऱ्याने करावा.

आता घराच्या आत येऊ. नळ रोज आणि पुरेसा येणार नसेल तर पाणी साठवावेच लागते. जमिनीखालचा हौद, गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी, न्हाणीतले ड्रम, स्वयंपाकघरातला माठ ही प्रत्येक पायरी नव्याने दूषित होण्याची जागा आहे. विकसनशील देशांतील अभ्यासांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की स्रोताशी चांगले असलेले पाणी घरात पोचून साठेपर्यंत अनेक ठिकाणी लक्षणीय बिघडते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. म्हणून कोरड्या दिवशी ड्रम नुसता उपडा करून भागत नाही, आतल्या कडा घासाव्या लागतात. झाकण नसलेला हौद रांगणाऱ्या मुलाच्या जिवावर बेततो. नळाला लावलेल्या मोटरची उघडी वायर, ओली फरशी आणि आर्थिंगचा अभाव हे तिन्ही एकत्र आले की विजेचा धक्का प्राणघातक होतो. तो टाळण्यासाठी ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी हे उपकरण मिळते, पण मोटर घेणाऱ्याला त्याची माहिती क्वचितच दिली जाते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि शौचालय धुण्याचे आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हेही घराघरांत माहीत असायला हवे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की मोटरी लोकच लावतात, गटारीतून जोडण्या लोकच घेतात, मग दोष नगरपालिकेचा कसा? मोटर लावणे चूक आहे आणि तिचा भुर्दंड शेजाऱ्याला बसतो. तिने वाहिनीतला दाब घटतो आणि घाण ओढली जाण्याचा धोका वाढतो. तरीही शेजाऱ्याने मोटर लावल्यावर ज्याच्या तोटीला धारच येत नाही, तो नाइलाजाने मोटर लावतो. एकेका घराला दंड करून ही साखळी तुटत नाही. आधी दाब आणि वेळ यांची खात्री द्यावी, मग दंड आकारावा. हा क्रम उलटा केला तर जप्त केलेली मोटर महिन्याभरात दुसऱ्या नावाने परत येते.

दुसरा आक्षेप सुखवस्तू घरांतून येतो. आमच्याकडे आरओ आहे, नाहीतर थंड पाण्याचा जार येतो, मग काळजी कशाला? आरओ यंत्र जे पाणी गाळते त्याहून अधिक बऱ्याचदा वाया घालवते. पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे आरओ वापरू नये, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये घेतली होती. सीलबंद बाटलीतल्या पाण्याला मानक आहे. उघड्या जारमधून घरोघरी जाणाऱ्या थंड पाण्याची तशी हमी नसते, आणि पाणी गार असले म्हणजे शुद्ध असते असे नाही. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत ऊस, केळी, कापूस आणि मिरचीला खते पडतात, शहरात शोषखड्डे असतात. त्यांतून बोअरवेलच्या पाण्यात नायट्रेट उतरू शकते. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, आणि तान्ह्या बाळाला ते घातक आहे. म्हणून तपासणीआधी यंत्र घेणे म्हणजे निदानाआधी औषध घेणे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की पैसेवाले घर आपली सोय करून बाजूला झाले की सार्वजनिक नळासाठी भांडणारा आवाज तेवढा क्षीण होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आदराने ऐकावासा वाटतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर बाया अजून झिऱ्यावरून हंडे वाहतात. तिथे पुरेसे पाणीच नाही, तर शहरातल्या क्लोरीनची चर्चा कशाला? अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचा हा प्रश्न खरा आहे आणि निधी वाटताना त्याला अग्रक्रम मिळालाच पाहिजे. मात्र पाण्याचे प्रमाण आणि गुणवत्ता यांत शत्रुत्व नाही. कुपोषणाची चर्चा निघाली की आपल्या जिल्ह्याचे नाव पुढे येते. ज्या मुलाला वरचेवर हगवण लागते त्याच्या अंगी पोषण आहारही लागत नाही. हुबळी-धारवाडच्याच पुढील अभ्यासात अखंड पुरवठ्याने सर्व घरांतील जुलाब कमी झाल्याचे दिसले नाही. गरीब घरांतील मुलांमध्ये रक्ती आव मात्र कमी आढळली. शुद्ध पाण्याचा पहिला लाभ गरिबाच्या मुलाला होतो, म्हणून ही चर्चा गरिबांचीच आहे.

शेवटचा आक्षेप पैशांचा: छोट्या शहराला हे परवडणार कसे? कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. ओडिशातील पुरी शहराने २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याची हमी दिली. पंधराव्या वित्त आयोगाने आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, अमृत २.० ही योजना १ ऑक्टोबर २०२१ पासून सर्व वैधानिक शहरांसाठी खुली झाली. वाहिन्या आणि जलकुंभ यांना पैसा मिळतो. गळती शोधणारा माणूस, नमुने घेणारा कर्मचारी आणि ताजी टीसीएल पावडर यांना तो सहज मिळत नाही. नव्या टाकीच्या उद्घाटनाला जसा फलक लागतो तसा गळती दुरुस्त केल्यावर लागत नाही. अखंड पुरवठा एका वर्षात होणार नाही, हे मान्य. पण शेवटच्या नळावरची क्लोरीन तपासणी उद्यापासून होऊ शकते, आणि तिला फार पैसा लागत नाही.

राज्यातील ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की गावाला उत्तर द्यावे लागते. मग शहरातल्या प्रभागाला असे कार्ड का नसावे? नगरपालिकांनी प्रत्येक प्रभागाच्या टोकाच्या नळावर रोज क्लोरीन तपासावे, दर महिन्याला जिवाणूंची तपासणी करावी आणि दोन्हींचे निकाल चौकात, शाळेत व दवाखान्यात फळ्यावर लिहावेत. गटारीतून गेलेल्या जोडण्यांची प्रभागवार यादी करून त्या बदलण्याचे वेळापत्रक जाहीर करावे. हौदाला झाकण, मोटरला आर्थिंग आणि माठाला ओगराळे हे तीन निरोप अहिराणी, भिली, पावरी आणि गुजरीतून घरोघरी पोचवावेत. डॉक्टरांनी एका गल्लीतून हगवणीचे किंवा काविळीचे दोन-तीन रुग्ण आले की त्याच दिवशी नगरपालिकेला कळवावे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिले गेले. व्यवस्थेने मनावर घेतले तर सुरुवात या जिल्ह्यातून होऊ शकते, हे देशाने पाहिलेले आहे.

पाणी ही या राज्यात कधीच केवळ अभियांत्रिकीची बाब नव्हती. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाण्यावरचा समान हक्क प्रस्थापित केला. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात म्हटले. पाणी सर्वांचे आहे हे त्या लढ्यांनी मिळवून दिले. ते सर्वांसाठी सारखेच शुद्ध असणे हे राहिलेले काम आपल्या वाट्याला आले आहे. म्हणून माझी विनंती आहे की या परिषदेने संध्याकाळी ठराव करताना एकच गोष्ट आग्रहाने मागावी: प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळाचा तपासणी निकाल नागरिकांसमोर रोज जाहीर व्हावा. आणि तो जाहीर होईपर्यंत आपण प्रत्येकाने आपापल्या नगरसेवकाला, मुख्याधिकाऱ्याला आणि स्वतःलाही ‘आपल्या गल्लीतल्या शेवटच्या नळाच्या पाण्यात आज क्लोरीन किती आहे?’ हा प्रश्न विचारत राहावे.