कोणतं नाव लिहायचं?

(वरठी येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बऱ्याच जणी आज रेल्वेनं आलात. तिकिटावर 'भंडारा रोड' होतं, उतरलात मात्र वरठीत. भंडारा शहर इथून दहाएक किलोमीटर. तरी स्टेशनाला नाव मिळालं ते शहराचं. बायकांना याचं नवल वाटायला नको. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं जातं, तेव्हा आपल्याला तरी कोण विचारतं? लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्यानं सक्ती नाही. तरीही माहेरचं नाव उंबऱ्याबाहेरच राहतं.

म्हणून गावाचं, शहराचं नाव बदलल्यावर आपल्या अर्जात, अहवालात कोणतं नाव लिहायचं, हा प्रश्न निव्वळ कारकुनी समजू नका.

सगळी नामांतरं एका मापानं मोजता येत नाहीत. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जाळली, माणसं मारली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. पंधरा वर्षांहून अधिक काळ लोकांनी ती मागणी सोडली नाही. ती खालून आलेली होती.

वस्त्यांच्या नावांचंही तसंच. महारवाडा, मांगवाडा अशी जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पण कागदावरचं नाव बदललं म्हणून तोंडातलं लगेच बदलत नाही. मुलगी नोकरीचा अर्ज करते आणि पत्ता वाचूनच समोरचा तिची जात ताडतो. 'लोक तसंच म्हणतात' ही सबब इथं आपण सांगायची नाही.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ साली. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही ते कायम ठेवलं. त्याच वर्षी अहमदनगर अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचं नाव जिल्ह्याला मिळालं, चांगलं झालं. पण त्या जिल्ह्यात सातबाऱ्यावर बायकांची नावं किती, हे विचारणं आपण सोडू नये. आणि एखादी मुस्लिम बहीण आपली हकिगत सांगताना 'औरंगाबाद' म्हणाली, तर तिला मध्येच थांबवून दुरुस्त करू नये. गावाचं नाव हे कुणाची निष्ठा तपासायचं हत्यार होता कामा नये.

मग आपण करायचं काय? माझं म्हणणं असं :

अर्ज, तक्रार, दावा यांत आजचं सरकारी नाव लिहा आणि शेजारी 'पूर्वीचे' म्हणून जुनंही लिहा. बाईचा जन्मदाखला, रेशनकार्ड, जमिनीचा कागद जुन्या नावाचा असतो. नावात फरक दिसला की टेबलामागचा बाबू तिला परत पाठवतो. हेलपाटा तिचा, बुडालेली मजुरीही तिचीच.

जुन्या घटनेबद्दल लिहिताना त्या काळचं नाव ठेवा. १९७८ ची गोष्ट आजच्या नावानं सांगितली, तर लढा कशासाठी झाला हेच कळणार नाही.

बाईचं निवेदन उतरवताना तिच्या तोंडचा शब्द ठेवा.

आणि जे नाव अपमान करतं, ते आपल्या बोलण्यातून काढून टाका. तिथली बाई स्वतः जुनं नाव घेईल. तो तिचा हक्क आहे, आपला नाही.

राहिला प्रश्न नवं नाव ठरवायचा. आजवर ते पारावर बसलेले पुरुष ठरवत आले. वस्तीच्या नावाचा विषय ग्रामसभेत आणायला लावा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती सह्यांपुरती उरकली जाते. ती खरोखर भरवा. ज्या वस्तीचं नाव बदलायचं, तिथल्या बायांना आधी बोलू द्या. त्यांनी सुचवलेलं नाव त्यांच्याच शब्दांत ठरावात लिहून घ्या आणि वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.